थर्टी-ऑट-सिक्स सोडू का?

पत्र, थोडक्यात:

"मी मूळचा खडकीचा. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्यात होते. बुडाशी 'केएफ' असा शिक्का असलेली रिकामी पितळी काडतुसं हीच आमची लहानपणची खेळणी. ३५ वर्षांपूर्वी अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलो आणि शिकार इथे शेजाऱ्यांकडून शिकलो. ते आता ७४ वर्षांचे आहेत, मी ६६. त्यांच्याच भावाकडून घेतलेली जुनी विंचेस्टर मॉडेल ७० रायफल माझ्याकडे आहे, .३०-०६ (थर्टी-ऑट-सिक्स) या काडतुसाची. शेजारी जन्मभर सांगत आले की हरणाला याखेरीज दुसरं काडतूस लागत नाही. ६.५ क्रीडमूर या नव्या काडतुसाची रायफल घेऊन येणाऱ्या पोरांची ते थट्टा करायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच ६.५ घेतली आणि आता मलाही घ्या म्हणतात. खरं सांगायचं तर मला ते लागलं. जावई म्हणतो, घ्यायचीच तर ७ एमएम पीआरसी घ्या, सगळ्यात नवी. गेल्या नोव्हेंबरात माझ्या हातून एक नर पोटात गोळी लागून पळाला. मी मचाणावर होतो, रायफल कठड्यावर टेकवलेली, आणि तो सत्तर यार्डांवर आडवा उभा होता. रात्री उशिरापर्यंत माग काढला. सकाळी सापडला तेव्हा मांस वाया गेलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं आहे. ही नवी काडतुसं खरंच चांगली आहेत की नुसती जाहिरात? या वयात बदलू का? आणि बदललं तर या रायफलीचं काय करू? नात इलिनॉयमध्ये असते, तिला शिकारीची आवड आहे."

नमस्कार काका,

तुम्ही काडतुसाबद्दल विचारलंत, पण मी सुरुवात त्या नरापासून करते. सत्तर यार्डांवर .३०-०६ कमी पडत नाही आणि ६.५ तिथे वेगळं काही करून दाखवत नाही. त्या अंतरावर गोळी फुप्फुसांऐवजी पोटात गेली याचा अर्थ बहुधा चाप ओढताना नळी हलली. माझा अंदाज असा की तुमचा खांदा दणका बसायच्या आधीच आकसला. ऑपरेशन झालेला खांदा पुढच्या धक्क्याची धास्ती घेऊन बसलेला असतो, तुम्ही मन कितीही घट्ट केलंत तरी.

अंदाजावर विसंबू नका, तपासून बघा. शेजाऱ्यांना घेऊन एका दुपारी रेंजवर जा. रायफल त्यांनी भरायची, तेव्हा तुम्ही पाठ फिरवून उभं राहायचं. ते कधी खरं काडतूस घालतील, कधी प्लास्टिकचं डमी, आणि कोणतं घातलंय ते तुम्हाला कळता कामा नये. तुम्ही नेहमीसारखा नेम धरून चाप ओढायचा. डमी असलं की बार होत नाही, नुसतं 'टक्' वाजतं, आणि त्या क्षणी नळीचं टोक काय करतं ते दोघांनाही स्वच्छ दिसतं. हात शांत असेल तर टोक जागच्या जागी राहतं. दचकायची सवय जडली असेल तर टोक चांगलं इंचभर खाली बुडतं, खांदा पुढे ढकलला जातो, पापण्या मिटतात, आणि बंदूक तर उडालेलीच नसते. मी इथे हंटर एज्युकेशनच्या वर्गात शिकवते. जन्मभर शिकार केलेली माणसं या चाचणीनंतर गप्प होतात. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही, पण माहीत झाल्यावर दुर्लक्ष करणं मात्र मला पटत नाही. गोळी पोटात लागलेलं जनावर लवकर मरत नाही. ती रात्र तुम्हाला जशी गेली, त्याहून वाईट त्याला गेली.

आता धक्क्याचा हिशेब सांगते, कारण निर्णय त्यावरच ठरणार आहे. बंदूक मागे किती जोरात येते ते पुढे काय फेकलं जातं त्यावर ठरतं: गोळीचं वजन, जळणाऱ्या दारूचं वजन आणि त्यांचा वेग. .३०-०६ चं नेहमीचं काडतूस १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळी आणि दारू तोलायचं बारीक वजन) गोळी सेकंदाला साधारण २७०० फुटांनी सोडतं आणि त्यासाठी पंचावन्न-साठ ग्रेन दारू जाळतं. ६.५ क्रीडमूर १४० ग्रेनची गोळी जवळपास तेवढ्याच वेगाने सोडतं, पण चाळीस-बेचाळीस ग्रेन दारूत. आठ पौंडांच्या रायफलीत पहिल्याचा धक्का सुमारे २० फूट-पौंड (धक्क्याच्या ऊर्जेचं माप) येतो, दुसऱ्याचा सुमारे १२. कागदावर हा फरक किरकोळ दिसेल, पण शिवलेल्या खांद्याला तो पहिल्याच बाराला कळतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. जुन्या काळातल्या साध्या मॉडेल ७० च्या दस्त्याला मागे रबर नसायचं, पोलादी पट्टी असायची. तुमच्या रायफलीला तीच असेल, तर इतकी वर्षं तुम्ही खांद्यावर पोलाद झेलत आलात.

ही सगळी जाहिरात आहे का, असं तुम्ही विचारलंत. जाहिरात भरपूर झाली, आणि तुमच्या शेजाऱ्यांसारख्या लोकांना आधी जो राग आला तो बराचसा तिच्यामुळेच आला. सातशे यार्डांवरून एल्क, म्हणजे मोठ्या जातीचं हरीण, पाडल्याचे व्हिडिओ, काडतूस बदललं की नेमबाजी आपोआप येते असा आव, आणि दुकानात वीस वर्षांचा मुलगा साठीच्या माणसाला शिकवतोय. कोणालाही चीड येईल. पण जाहिरात बाजूला सारली तर खाली खरं काम आहे.

६.५ क्रीडमूर हे काडतूस हॉर्नाडी कंपनीने २००७ मध्ये आणलं, आणि ते मुळात हरणासाठी नव्हतं, लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धांसाठी होतं. नाव न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर या जुन्या रेंजचं. त्याच जाडीची गोळी घेऊन रेमिंग्टनने १९९७ मध्ये .२६० आणलं होतं आणि ते फारसं चाललं नाही. क्रीडमूर का चाललं, तर त्यात गोळी, काडतुसाची लांबी आणि गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे यांचा एकत्र विचार झाला. लांब, निमुळती गोळी वाऱ्याला कमी बधते, पण ती स्थिर उडायला नळीतले आटे जास्त घट्ट लागतात आणि मॅगझिनमध्ये तिला मावायला जागा लागते. क्रीडमूरचं पितळ, म्हणजे काडतुसाची खोळ, थोडं आखूड ठेवलं, म्हणून लांब गोळी मॅगझिनमध्ये बसते. रायफली पहिल्यापासूनच घट्ट आट्यांच्या निघाल्या. तयार काडतुसं स्वस्त आणि अचूक मिळू लागली. बाकीची नवी काडतुसं याच वाटेने आली: ६.५ पीआरसी २०१८ ला, ७ एमएम पीआरसी २०२२ ला.

बारीक गोळीने मोठं जनावर पडत नाही, ही भीती कोणी घातली असेल तर ती सोडून द्या. स्वीडन आणि नॉर्वेमध्ये ६.५×५५ हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे, आणि तिथले लोक त्याने मूस मारत आलेत. मूस म्हणजे तुमच्या विस्कॉन्सिनच्या हरणाच्या कितीतरी पट जनावर. गोळी लांब असली की बारीक असूनही खोल जाते.

आणि परंपरेचं म्हणाल तर, .३०-०६ हेसुद्धा कधीतरी नवंच होतं. १९०६ मध्ये ते अमेरिकन लष्करासाठी आलं. दोन महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांनी ते रानात नेलं, कारण त्यांचा हात त्यावर बसला होता. तेव्हा ज्यांच्या हातात १८९५ ची .३०-३० असायची, त्या म्हाताऱ्यांना ते अनावश्यकच वाटलं असणार. १९२५ मध्ये विंचेस्टरने .२७० काढलं. शिकारीवर लिहिणारे जॅक ओ'कॉनर त्याची बाजू लावून धरायचे, आणि जाड, जड गोळीचे पुरस्कर्ते एल्मर कीथ त्याला मोठ्या शिकारीसाठी अपुरं ठरवायचे. तो वाद किती वर्षं चालला! आज .२७० हे आजोबांचं काडतूस म्हणून ओळखलं जातं.

पण तुमच्या रानात या सगळ्याचा फायदा किती, तेही सांगते. दोनशे यार्डांवर नेम बसवला तर तीनशे यार्डांवर दोन्ही गोळ्या साधारण सात-आठ इंच खाली येतात. वाऱ्यात ६.५ थोडी कमी वाहते, पण तीनशेच्या आत तो फरक हरणाच्या छातीच्या मापात सहज मावतो. तुम्ही झाडीत बसता, तिथे शंभर यार्डांपलीकडे दिसत तरी किती! म्हणजे दुकानदार ज्या गुणांसाठी ही रायफल विकेल ते गुण तुमच्या कामाचे नाहीत. तुमच्या कामाचा गुण एकच आहे, तिचा धक्का कमी आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ती घेण्यासारखी आहे.

म्हणूनच जावयाचा सल्ला मला मान्य नाही. जावई प्रेमाने सांगतो आहे यात शंका नाही, पण ७ एमएम पीआरसी १७५ ग्रेनची गोळी ३००० फुटांनी सोडतं. त्याच आठ पौंडांच्या रायफलीत त्याचा धक्का २५ फूट-पौंडांच्या आसपास जातो, म्हणजे तुम्ही आत्ता सोसताय त्याहून जास्त. मोकळ्या माळावर एल्कच्या मागे जाणाऱ्या, धडधाकट खांद्याच्या माणसाचं ते काडतूस आहे. त्यावर उपाय म्हणून नळीच्या तोंडाला ब्रेक लावा असंही कोणी सुचवेल. ब्रेकने धक्का कमी होतो, पण आवाज बाजूंना आणि मागे फेकला जातो. शेजारी बसलेल्या सोबत्याच्या कानांची त्यात वाट लागते, आणि आवाजाने दचकणं वाढतं ते वेगळंच.

तुमच्या शेजाऱ्यांकडे येते. तुम्हाला ते लागलं हे मला समजतं. ज्या माणसाकडून आपण एखादी गोष्ट श्रद्धेने शिकलो, त्यानेच ती सोडली की आपल्या शिकण्याचं काय, असं वाटतं. पण मी गेल्या काही वर्षांत त्यांच्या वयाच्या बऱ्याच लोकांना असं वळताना पाहिलंय, आणि जवळपास कोणीच जाहिरात बघून वळलेलं नाही. कोणाचा खांदा गेला, कोणाच्या मानेत चकतीचा त्रास सुरू झाला. कोणी नातवासाठी कमी धक्क्याची रायफल घेतली, नेम बसवून द्यायला म्हणून स्वतः दोन बार काढले, आणि ती परत द्यावीशी वाटेना. ओहायोत आणि दक्षिण मिशिगनात तर याहून मोठा बदल झाला. तिथे हरणासाठी पूर्वी शॉटगनची जड स्लग, म्हणजे एकच मोठी गोळी, वापरावी लागायची, आणि तिचा दणका .३०-०६ पेक्षाही वाईट. २०१४ पासून तिथे सरळ पितळाची, म्हणजे तोंडाशी निमुळती न होणारी, रायफल काडतुसं चालू लागली, २०१९ मध्ये .३५० लेजेंड आलं, आणि स्लगने खांदे खिळखिळे झालेल्या म्हाताऱ्यांनी ते आनंदाने उचललं. शिकार सोडून द्यायच्या बेतात असलेली माणसं त्यामुळे आणखी काही हंगाम रानात राहिली. तुमच्या शेजाऱ्यांना सरळ विचारा, का बदललंत म्हणून. बहात्तराव्या वर्षी, जन्मभर बोललेलं मागे घेऊन, लोक आपली थट्टा परतवतील हे माहीत असून त्यांनी रायफल बदलली. त्याला धैर्य लागतं. आणि तुम्हालाही घ्या म्हणाले, ते बहुधा तुमचा खांदा बघूनच.

तेव्हा माझं उत्तर असं. डमीच्या चाचणीत नळी बुडाली तर बदला, आणि या हंगामाच्या आधी बदला. पैसे खर्च करण्यापूर्वी शेजाऱ्यांची ६.५ एका दुपारसाठी मागून घ्या. बाकावर बसून काढलेल्या बारांवरून ठरवू नका. बाकावर शरीर मागे जाऊ शकत नाही, म्हणून प्रत्येक रायफल जास्त लागते. उभं राहून, मचाणावर बसता तसं बसून, आणि नोव्हेंबरचं जाड जॅकेट अंगात घालून बघा. कानांत बोळे आणि वरून मफ, दोन्ही लावा, कारण दचकण्यात आवाजाचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. स्वतःची घ्याल तेव्हा दुकानातली सगळ्यात हलकी रायफल घेऊ नका. सहा पौंडांच्या रायफलीत तेच ६.५ सोळाच्या जवळ धक्का देतं, म्हणजे जी सवलत मिळवायला निघालात तिच्यातली निम्मी गेली. स्कोप धरून आठ-साडेआठ पौंड भरेल अशी बघा. ६.५ नावच नकोसं वाटत असेल तर ७ एमएम-०८ आहे, १९८० पासूनचं, धक्का जवळपास तितकाच. फक्त छोट्या गावातल्या दुकानात त्याची काडतुसं ६.५ इतकी सहज मिळत नाहीत.

चाचणीत नळी अगदी थोडी हलली, आणि मन या रायफलीतून निघत नसेल, तर तिच्यासाठीही करण्यासारखं बरंच आहे. .३०-०६ साठी १२५ ग्रेनच्या गोळीची, कमी धक्क्याची तयार काडतुसं मिळतात. झाडीतल्या हरणाला ती पुरतात, फक्त नेम नव्याने बसवावा लागेल. दस्त्याला रबरी पॅड लावायचं तर वरून चढवायचं घ्या. मूळ दस्ता कापू देऊ नका, जुन्या मॉडेल ७० ची किंमत तिच्या मूळपणात असते. वरून चढवलेल्या पॅडने दस्ता जवळजवळ इंचभर लांबतो, तेव्हा तेही जाड जॅकेट घालूनच तपासा. आणि गोळीकडे लक्ष द्या. माझ्या मते गेल्या काही दशकांत काडतुसांपेक्षा गोळ्या जास्त सुधारल्या. १९४८ मध्ये जॉन नॉस्लर यांनी मधे पडदा असलेली पार्टिशन गोळी काढली, कारण कॅनडात एका मूसवर त्यांची साधी गोळी फुटून वाया गेली होती. आज अख्ख्या तांब्याच्या गोळ्या मिळतात, त्या फुटून विखरत नाहीत आणि मांसात शिसं उरत नाही. तुम्ही मांस घरी खाता, नातीला देता, तर दोन्हीपैकी कोणतीही रायफल असो, मी तांब्याचीच गोळी घेईन.

दोन्ही रायफली ठेवल्यात तर एक पथ्य कडक पाळा. हंगामात घराबाहेर एकच रायफल आणि तिचीच काडतुसं. खिशात, गाडीत, पिशवीच्या तळाशी दुसरं एकही काडतूस राहता कामा नये. पहाटेच्या अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांना फरक कळत नाही, आणि चुकीचं काडतूस जीवावर बेतू शकतं.

अंतराचंही आत्ताच ठरवून ठेवा. हलक्या धक्क्याची रायफल आली की पहिल्या महिन्यात नेम इतका सुधारतो की लांबचे बार खुणावू लागतात. जावईही आग्रह करेल. जिथे बसून, न टेकता, दहापैकी दहा गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात जातात तेवढंच तुमचं अंतर, मग ते शंभर यार्ड असो की दीडशे. ते कागदावर लिहा आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

नातीला रायफल द्यायची कल्पना मला फार आवडली. पण ती लगेच देऊ नका, आधी तिला तुमच्या ६.५ वर हात बसवू द्या. नव्या मुलीच्या हातात पहिल्याच दिवशी .३०-०६ दिली तर तुमच्या खांद्याला जी सवय जडली तीच तिला जडेल. कायद्याचं लक्षात ठेवा: तुम्ही विस्कॉन्सिनचे, ती इलिनॉयची, आणि दोन वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्यांनी बंदूक परस्पर हातात द्यायची नसते, भेट म्हणूनसुद्धा. ती परवानाधारक विक्रेत्यामार्फत जायला हवी, आणि इलिनॉयमध्ये बंदूक बाळगायला राज्याचं फॉइड कार्ड लागतं. नात अजून एकवीसची झाली नसेल तर कार्डाच्या अर्जासाठी पालकांची संमती लागेल. नातीच्या आईवडिलांशी या उन्हाळ्यातच बोलून घ्या. कार्ड यायला वेळ लागतो.